पाचशे ग्रॅम आणि वर एक मूठ

१९ एप्रिल २००९, रविवार

पहिली आली ती आमच्याच इमारतीतली उल्का. अकराला या म्हटलं होतं, ही साडेदहालाच दारात, केस अजून ओले. म्हणते, "काकू, मदतीला आले." मदत कसली — ओट्याला टेकून उभ्याउभ्या दोन थालीपिठं खाल्ली आणि सबंध ब्लॉकच्या बातम्या दिल्या. सातव्या मजल्यावरचे नागपूरवाले ईस्ट कोस्टला कॉन्डोत, म्हणजे महागड्या सोसायटीत, चाललेत, लिफ्टशेजारच्या बाईने कुत्रा आणलाय आणि तो कुत्रा शाकाहारी आहे. मी म्हटलं, बाई सरक, तवा जळतोय.

पण तिला नावं ठेवून चालायचं नाही. आजचे पाहुणे तिनेच आणले. मिसेस ओंग म्हणून एक चिनी बाई आहे, ईस्ट कोस्टच्या अंगाला तिचं लहानसं दुकान आहे. पिठं, मध, सुकामेवा, असलं निवडक ठेवते. बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही थालीपिठं केली होती, त्यातलं एक उल्काने नेऊन तिला चाखवलं. म्हणून ती आज भाजणी बघायला आली. बरोबर तिची म्हातारी आई. माझ्याच वयाची असेल, पण पाठ ताठ. हातात हिरव्या दगडाची बांगडी. तिला इंग्रजी येत नाही, मलाही नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी थालीपिठावर लोणी ठेवलं. तिने ते बोटाने बाजूला सारलं आणि ठेचा घेतला. मला तिथेच बाई आवडली.

मिसेस ओंग म्हणाली, अर्ध्या अर्ध्या किलोची दहा पाकिटं करून पाठवा. वर वजन लिहा, आत काय काय आहे ते लिहा. पटलं तर दुकानात ठेवीन.

रुपाली नुसती मान हलवत होती. रुपाली म्हणजे माझी सून. पीएचडी आहे. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पहिली. इथेच नोव्हेना भागात एका लॅबमध्ये कामाला होती. लॅबचे पैसे आटले तशी निम्मी माणसं कमी केली, त्यात ही पण. तेव्हापासून तिचा घरात आवाज नाही. माझा मुलगा रत्नदीप कामावर गेला, हर्षा शाळेत गेली की पडदा ओढून बसते. भाजणीचं मीच काढलं. म्हटलं हात चालले की डोकं चालतं. गावी परतायचं माझं विमान चौदा मेचं. जायच्या आधी हिला एकदा नीट हसताना बघायचं आहे.

२१ एप्रिल

भाजून झालं. लिटिल इंडियातल्या गिरणीतून दळून आणलं. ट्रेनमध्ये शेजारची बाई आधी पिशवीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग सरळ हुंगायलाच लागली.

२३ एप्रिल, गुरुवार

लेबल म्हणजे केवढं प्रकरण असतं ते आज कळलं. मला वाटायचं नाव लिहिलं की झालं.

माझी नात हर्षा, दहा वर्षांची, तिने कपाटातले सगळे डबे बरण्या काढून जमिनीवर मांडल्या आणि मला वाचून दाखवल्या. शेंगदाण्याच्या लोण्याची एक अमेरिकेची बरणी आहे. तिच्यावर १८ औंस लिहिलंय आणि पुढे ५१० ग्रॅम. मी म्हटलं दोन दोन वजनं कशाला, एका बरणीत दोन बरण्या आहेत का? पोरगी इथल्या पोरांसारखं 'लाह' जोडून म्हणते, "नो लाह आजी, सेम थिंग. औंस अमेरिकेतल्या लोकांना, ग्रॅम आपल्याला." म्हणजे वजन एकच, पण दोघांना कळावं म्हणून दोनदा सांगितलेलं. हे मला फार पटलं. आमच्याकडे किलो आले तेव्हा माझ्या सासूला असं कुणी दोनदा सांगितलं नाही. ती मरेपर्यंत शेर मागायची, दुकानदार किलोने तोलायचा, आणि दोघं एकमेकांना मनातल्या मनात चोर म्हणायचे.

मग मी हर्षाला आमची मापं शिकवली. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली. 'चिपटं' ऐकून पोरगी जमिनीवर लोळली. मग म्हणते, चिपटं म्हणजे किती ग्रॅम? मी म्हटलं कशाचं चिपटं? लाह्यांचं की डाळीचं? ती उठून आत आईला विचारायला गेली. आतून रुपालीचा आवाज आला, "आजी बरोबर सांगतायत, ते आकारमान आहे." आकारमान मला कळलं नाही. 'बरोबर' कळलं.

इथल्या मार्केटातही तीच तऱ्हा. काट्यावर ग्रॅम दिसतात आणि भाजीवाली तोंडाने काटी म्हणते. काटी म्हणजे सहाशे ग्रॅम, रुपालीने सांगितलं. आज आलं घेतलं. पैसे दिले, पिशवी उचलली, तर बाईने वरून कांद्याची पात आणि दोन लाल मिरच्या आत टाकल्या. मागितल्या नव्हत्या. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. आपल्यातलीच निघाली.

२५ एप्रिल, शनिवार

आज पाकिटं भरली. रुपालीचा काटा असा आहे की त्यावर जिऱ्याचा दाणा पडला तरी आकडा हलतो. ४९९ झालं की चिमूट टाकते, ५०१ झालं की चिमूट काढते. सोनाराच्या पेढीवर बसल्यासारखं वाटत होतं. पाकिटाचं तोंड चिकटवायचं यंत्र मात्र माझ्याकडे. दाबलं की लाल दिवा लागतो आणि 'चट्' असा आवाज होतो. मला ते यंत्र भारी आवडलं. काम संपल्यावर एक रिकामी पिशवी उगाचच चिकटवून बघितली.

आणि लेबल! रुपालीने कॉम्प्युटरवर करून आणलं. वर इंग्रजीत बरंच काय काय आणि मधोमध मराठीत ठळक — शांताबाईंची भाजणी. मला आधी सांगितलं नव्हतं. मी चाळिशीत सही शिकले, रात्रीच्या वर्गात, कंदिलाच्या काचेला नाक लावून. तेव्हा 'शां' वरचं टिंब माझं दरवेळी चुकीच्या जागी पडायचं. आज छापून आलं, अगदी जागच्या जागी. रत्नदीपला फोटो काढायला लावला. तो म्हणाला, "आई, लेबलाचा काढू का तुझा?" म्हटलं दोघींचा काढ.

पाकीट चिकटवायच्या आधी प्रत्येकात वर एक मूठ टाकली. ती टाकायचीच असते.

२८ एप्रिल

उल्का पाकिटं दुकानात देऊन आली. रुपालीने आज पडदा उघडा ठेवला.

३० एप्रिल, गुरुवार

इकडे सगळीकडे त्या डुकरांच्या तापाची भीती आहे. शाळेत मुलांचा ताप मोजतात. हर्षाच्या दप्तरात तिची स्वतःची कांडी असते. आज घरीही तिने लावली आणि ओरडून सांगितलं, "थर्टी सेव्हन!" आमच्या कांडीवर अठ्ठ्याण्णव असलं की माणूस धडधाकट. सदतीस म्हणजे काय उरलं? मी पोरीला सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रुपालीला हाक मारली. ती धावत आली. मी म्हटलं, "पोर गार पडत चालली गं." तिने कांडी बघितली, चादर बघितली, घामाघूम हर्षा बघितली. म्हणाली, "आई, हे सेल्सियस आहे. ती ठणठणीत आहे. तुम्ही आता तिला ताप आणाल."

ओठाची एक बाजू वर गेली होती तिच्या. ते मी अर्धं हसू धरते.

१ मे, शुक्रवार

सुट्टीचा दिवस. सकाळीच उल्का आली, मागून मिसेस ओंग आणि तिची आई. मी चहा टाकायला उठले. पण मिसेस ओंग बसली नाही. आमची दहाच्या दहा पाकिटं तिने पिशवीतून काढून टेबलावर मांडली आणि रुपालीला काटा आणायला सांगितला. एकेक ठेवत गेली. ५३८. ५४६. ५३१. एक तर ५५५. आणि लेबलावर सगळ्यांवर ५००.

रुपाली इंग्रजीत म्हणाली की मी स्वतः मोजलंय. एवढं मला कळलं. मिसेस ओंग हळू आवाजात बोलली, रागावून नाही. उल्काने मला सांगितलं, "काकू, ती म्हणते, पाकिटावरचा एक आकडा खोटा निघाला तर बाकीचं खरं कशावरून? यात शेंगदाणे नाहीत असं लिहिलंय. कुणाच्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत, त्याच्या आईला मी काय सांगू?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं, वरची मूठ मी टाकली. सगळ्यांत टाकली.

उल्का म्हणाली, "अहो काकू..." आणि गप्प बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

रुपाली माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, मला लॅबमधून काढलं तेव्हासुद्धा माझ्या कामात चूक होती असं कुणी म्हणालं नव्हतं. आज म्हणाले." आणि आत गेली. पडदा ओढल्याचा आवाज मला बाहेर आला.

तेवढ्यात त्या म्हातारीने काय करावं? एक पाकीट फोडलं, त्यातलं पीठ मूठभर घेतलं, हात टेबलावर आणून सगळ्यांसमोर मूठ उघडली, आणि लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. बोलून हसली. लेक लाल झाली. आम्हाला सांगितलं मात्र नाही. दहा पाकिटं टेबलावर ठेवून दोघी गेल्या.

कमी भरलं म्हणून भांडणारे लोक जन्मभर बघितले. जास्त भरलं म्हणून परत आलेला माल आज बघितला.

२ मे

थालीपीठ कुणी खाल्लं नाही. रत्नदीप म्हणाला, "आई, तू कशाला त्यात हात घातलास?" म्हटलं, हात घालायलाच दिलेत.

पण चहा मलाही गोड लागला नाही.

३ मे, रविवार

दुपारी मी कोथिंबीर निवडत होते. रुपाली आपणहून येऊन समोर बसली. म्हणाली, "आई, मला फक्त एवढं सांगा, का टाकलीत? मी मोजून दिलं होतं ना तुमच्या हातात."

मग सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

माझी आई सुगीत पाटलाच्या खळ्यावर राबायची. मजुरी धान्यात. मापाने घालायचे. इतरांचं माप शिगोशीग भरायचं, वर धान्याचं शिखर उभं राहायचं, त्याला शीग म्हणतात. आमच्या वस्तीतल्यांचं माप आलं की पाटलाचा माणूस वरून काठी फिरवायचा. सपाट. शीग परत खळ्यात. आणि ओतायचा पण लांबून, आपल्याला शिवायचं नाही म्हणून. थोडं पदरात, थोडं मातीत. मातीतलं मी वेचायची. आई तिथे काही बोलायची नाही. पण घरी शेजारीण पीठ उसनं मागायला आली की आई माप भरायची आणि वर मूठ टाकायची. आमच्या मडक्याचा तळ दिसत असला तरी. म्हणायची, "आपल्या हातनं सपाट माप जायचं नाही."

एवढंच. म्हटलं, बाई, तुझा काटा चुकला नव्हता. पण तू मला सपाट माप दिलंस आणि चिकटव म्हणालीस. माझा हात काही ऐकेना.

रुपाली कितीतरी वेळ कोथिंबिरीच्या काड्या मोडत बसली. सगळी कोथिंबीर नासवली. मग म्हणाली, "माझ्या आजीने असलं कधीच काही सांगितलं नाही." मी म्हटलं, नाही सांगत. तुम्ही शिकायला बसलात, त्यात हे कुठे मध्ये आणायचं.

४ मे, सोमवार

आज जे झालं ते लिहायला मला बूड टेकायला उशीर झाला, कारण घरभर पीठ.

संध्याकाळी रुपालीने काटा काढला, परात पुढे ठेवली. "आई, मूठ भरा." भरली. ४१. "परत." ३६. "परत." तेवढ्यात हर्षाने माझ्या नाकाला पीठ लावलं, मी हसले आणि मूठ मोठी झाली. ५२. रुपाली म्हणाली, "आई, तुमची मूठ एका जागी ठरत नाही." मी म्हटलं, मूठ आहे, बाटलीचं झाकण नाही. हर्षाची मूठ बघितली, चौदा ग्रॅम. म्हणते, "सो लिटल, नॉट फेअर लाह." तेवढ्यात रत्नदीप रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून आला, गळ्यात टाय तसाच. रुपाली म्हणाली तुम्ही पण भरा. त्याने असा पंजा मारला की थोडं काट्यावर आणि बाकीचं टायवर, बुटात, सोफ्यावर.

रुपाली हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. ओट्याला धरून हसली. रत्नदीप टाय झटकायचा थांबला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. मी नाकावरचं पीठही पुसलं नाही. हललं की थांबेल असं वाटलं.

मग ती अमेरिकेची शेंगदाण्याची बरणी घेऊन बसली. म्हणाली, "हे लोक एकच वजन दोन पद्धतीने लिहितात. आपण पण लिहू." आणि नवं लेबल केलं. पहिल्या ओळीत एकूण वजन ५३५ ग्रॅम. खाली लहान अक्षरात: ५०० ग्रॅम, आणि वर शांताबाईंची एक मूठ, ३५ ग्रॅम. इंग्रजीतही आणि मराठीतही. ठरलं असं की काट्यावर पाचशे ती भरणार, वरची मूठ मी भरणार. पस्तीसच्या खाली गेली तर परत भरायची. वर गेली तर जाऊ द्यायची.

मी कुरकुर केली. पस्तीसची मूठ माझी नाही, माझी मोठी आहे. रुपाली म्हणाली, "आई, लेबलावर कमीत कमी लिहायचं. जास्तीचं बोलून दाखवायचं नसतं."

हे मात्र शंभर टक्के खरं. आईनेही कधी बोलून टाकली नाही.

६ मे, बुधवार

रुपालीने स्वतः मिसेस ओंगला फोन केला. खोलीत येरझाऱ्या घालत बोलत होती, लॅबमधल्यासारखी, ताठ. मध्येच 'ग्रँडमदर' ऐकू आलं, मग 'फील्ड', मग बराच वेळ नुसतं "येस". पीएचडी सून माझ्या आईची गोष्ट इंग्रजीत सांगत होती. माझ्या आईला पायली मोजता यायची, स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिचं बोलणं आज कुठल्या कुठे पोचलं.

फोन ठेवून रुपाली माझ्याजवळ आली. म्हणाली, त्या दिवशी म्हातारी काय बोलली ते मिसेस ओंगने आता सांगितलं. म्हातारी उभी हयात मार्केटात भाजी विकत होती. पात आणि मिरच्या वर टाकणाऱ्यांपैकीच. ती लेकीला म्हणाली होती, "हिच्याकडून घे. मोजून झाल्यावर हिचा हात थांबत नाही." लेक सगळ्यांसमोर काट्याला बोट लावून उभी होती, म्हणून लाजली.

पण लेक म्हणाली की काटा राहणारच. मूठ असू दे, पण लिहिलेली असू दे. मला ते पटलं. तिच्या दुकानातलं कुणाची तरी पोरं खाणार.

९ मे, शनिवार. बुद्धपौर्णिमा

वंदना झाली, खीर झाली. रुपाली पांढऱ्या साडीत. पंधरावीस माणसं जमली होती, त्यांना ती लेबल दाखवत होती आणि मूठ का ते सांगत होती. एका इंजिनिअर मुलाने विचारलं, "पण हे युनिट स्टँडर्ड नाही ना?" ती म्हणाली, "आमच्या घरात आहे." मी खिरीत तोंड घातलं, नाहीतर सगळ्यांना माझे डोळे दिसले असते.

उल्का उशिरा आली, हातात एक पुडकं. म्हातारीने माझ्यासाठी पाठवलं म्हणे. उघडलं, तर कांद्याची पात आणि दोन लाल मिरच्या. बाकी काही नाही. भाजी नाही, आलं नाही. नुसतं वरचं.

११ मे, सोमवार

मिसेस ओंगचा फोन आला. पाकिटं न्यायला येत्या रविवारी येते म्हणाली, आईला घेऊन. मी म्हटलं, आणि माझं विमान तर गुरुवारी, वरची मूठ कोण भरणार? रुपाली काट्यावर पाचशे करत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकीट मी पुढे ढकललंय, आई. इथे राहायचा पासही वाढवायला दिला."

मला विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

पाहुणे येणार सतरा मे, रविवार, अकरा वाजता.